सॉफ्टवेअर टाकलं, पण मेनूत दिसेना

बेळगावात शहापूरला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानांच्या पाट्या असली कामं, आणि मधल्या वेळात ओळखीपाळखीच्यांचे रुसलेले कॉम्प्युटर. मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त सर आपला जुना सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले. त्यावर नवं विंडोज ओढेना म्हणून वर्षभरापूर्वी मीच त्याच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. सरांना नातवंडांचे फोटो थोडे उजळ करायचे होते. कुणीतरी गिंप नावाचं फोटोचं सॉफ्टवेअर टाका म्हणालं, सरांनी टाकलंही. पण.

"टाकलं म्हणतंय ओ ते, दिसत मात्र कुठं नाही. दोनदा काढून परत टाकलं की मी."

मी मेनू उघडला, ग्राफिक्सच्या गटात गेलो. होतं की तिथंच. पण नाव होतं 'जीएनयू इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्राम'. सर आधी 'गिंप' बघत होते, मग 'फोटो' बघत होते, आणि पाटीवर तिसरंच काहीतरी. मेनूत वर शोधायची चौकट असते, तिथं गिंप लिहिलं असतं तर सापडलं असतं. पण सर टाइप करून शोधत नाहीत, यादीवरून नजर फिरवून शोधतात. त्यांच्या वयाचे बहुतेक लोक तसेच शोधतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. आपण सॉफ्टवेअर टाकतो तेव्हा ते मेनूत येतं कसं? कुठल्या नावानं यायचं, कुठल्या गटात बसायचं, हे ठरवतं कोण? माझा अर्धा धंदा पाट्यांचा असल्यामुळे मला ते पाट्यांच्याच भाषेत समजलं, तसंच सांगतो.

माल गोदामात, पाटी रस्त्यावर

सॉफ्टवेअर टाकणं आणि मेनूत दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकलं म्हणजे माल गोदामात येऊन पडला. मूळ प्रोग्राम एका फोल्डरात, त्याला लागणाऱ्या फाइली दुसऱ्या, चित्रं तिसऱ्या. मेनू काही गोदामात जाऊन बघत नाही. तो फक्त ठरलेल्या एक-दोन ठिकाणी लावलेल्या पाट्या वाचतो आणि त्यांची यादी दाखवतो. पाटी नसेल तर आत हत्ती झुलत असला तरी मेनूला पत्ता नाही. साध्या लिनक्स मशीनवर चालवता येण्याजोगे प्रोग्राम सहज हजाराच्या वर असतात, मेनूत दिसतात चाळीस-पन्नास. बाकीच्यांना पाटीच नाही, कारण ते माणसानं थेट उघडायचे नसून दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचे असतात.

विंडोजमध्ये या पाटीला शॉर्टकट म्हणतात. स्टार्ट मेनू आला विंडोज ९५ बरोबर, २४ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधीच्या विंडोज ३ मध्ये प्रोग्राम मॅनेजर नावाची खिडकी असायची आणि तीत गटागटानं चित्रं. स्टार्ट मेनू हा खरं तर एक फोल्डरच आहे. प्रोग्राम टाकताना त्याचा इन्स्टॉलर त्यात आपला शॉर्टकट ठेवतो. सगळ्यांसाठीचे शॉर्टकट एका फोल्डरात, तुमच्या एकट्याच्या लॉगइनपुरते दुसऱ्यात, आणि मेनू दोन्ही एकत्र करून दाखवतो.

घोळ झाला तो पुढं. पाटी कुठं आणि कशी लावायची हे इन्स्टॉलरच्याच हातात राहिलं. मग प्रत्येक कंपनीनं आपल्या नावाचा फोल्डर केला, त्यात प्रोग्रामच्या नावाचा फोल्डर, त्यात खरा शॉर्टकट, शेजारी 'रीडमी', 'आमच्या वेबसाइटला भेट द्या' आणि 'अनइन्स्टॉल'. स्कॅनर चालवायचा तर आधी स्कॅनर कुठल्या कंपनीचा ते आठवायचं! किराणा आणायला निघालेला माणूस मालकाचं आडनाव आठवत जात नाही. 'अनइन्स्टॉल' आणि मदतीच्या फाइली मेनूत घालू नका, असं मायक्रोसॉफ्टनं स्वतः प्रोग्राम करणाऱ्यांना लिहून सांगितलं. ऐकलं थोड्यांनी.

पुढं २०१२ ला विंडोज ८ मध्ये मेनूच काढून टाकला आणि पडदाभर रंगीत चौकटी आल्या. त्या वर्षी दुकानात येणाऱ्यांचा एकच प्रश्न असायचा, "स्टार्ट कुठं गेलं?" २०१५ ला विंडोज १० बरोबर मेनू परत आला, तेव्हा लोकांना गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मॅकची गंमत वेगळी. तिथं पाटी आणि माल एकाच डब्यात असतात. प्रोग्राम म्हणजे एक बंद फोल्डर, त्यातच नाव, चित्र, सगळं. ॲप्लिकेशन्समध्ये ओढून टाकला की झालं. २०११ पासून लाँचपॅड नावाची चित्रांची जाळी होती, २०२५ च्या आवृत्तीत तीही काढली. आमच्याकडं मॅक फारसे दुरुस्तीला येत नाहीत, तेव्हा एवढं पुरे.

लिनक्समध्ये सुरुवातीला ज्याचं त्याचं होतं. पडद्यावर मेनू, खिडक्या, चित्रं दाखवणारा भाग म्हणजे डेस्कटॉप, आणि तो तिथं एकच नसतो. केडीई १९९६ ला सुरू झालं, ग्नोम १९९७ ला. दोघांचे डेस्कटॉप वेगळे, पाट्यांची पद्धत वेगळी, डेबियन नावाच्या लिनक्सची आणखी तिसरी. बिचाऱ्या प्रोग्राम करणाऱ्यानं किती पाट्या रंगवायच्या? २००० ला हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप नावाचा मंच सुरू केला आणि हळूहळू सगळ्यांनी मिळून एक नमुना मान्य केला: एक प्रोग्राम, एक पाटी, कुठल्याही डेस्कटॉपला वाचता येईल अशी. डेबियन आपली जुनी पद्धत बरीच वर्षं धरून होतं. शेवटी २०१५ ला त्यांच्या तांत्रिक समितीनं निकाल दिला, की ज्याला नवी पाटी आहे त्यानं जुनी लावू नये.

पाटी जवळून

ही पाटी म्हणजे साध्या मजकुराची छोटी फाइल. शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असतं, आणि कुठल्याही नोटपॅडमध्ये ती उघडते. खऱ्या फाइलीत डावीकडचे शब्द रोमन अक्षरांतच असतात आणि तसेच ठेवावे लागतात. इथं वाचायला बरं म्हणून देवनागरीत लिहितो. सरांच्या गिंपची पाटी, थोडी छाटून आणि थोडी माझ्या मनाची:

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=जीएनयू इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्राम
नेम[एमआर]=फोटो दुरुस्ती (गिंप)
जेनेरिकनेम=इमेज एडिटर
कॉमेंट=फोटो उजळ करा, कापा, रंग बदला
ट्रायएक्झेक=गिंप
एक्झेक=गिंप
आयकॉन=गिंप
कॅटेगरीज=ग्राफिक्स;
कीवर्ड्स=फोटो;चित्र;इमेज;

ज्यानं कधी दुकानाची पाटी करून घेतली आहे त्याला हे लगेच कळेल. 'नेम' म्हणजे वरचं मोठं नाव, 'श्री अमुक स्टोअर्स'. 'जेनेरिकनेम' म्हणजे त्याखालची बारीक ओळ, 'किराणा व भुसार माल'. नाव बघून दुकान ओळखतो तो जुना गिऱ्हाईक. नवा गिऱ्हाईक बारीक ओळ वाचून आत येतो. माझ्याकडं पाटी करायला येणारा प्रत्येक जण नाव मोठं करा म्हणतो आणि खालची ओळ विसरतो. मी मुद्दाम विचारतो, "पण विकता काय, ते?" प्रोग्राम करणाऱ्यांचीही खोड तीच. गिंप, ऑक्युलर, क्रिता, इंकस्केप ही नावं आवडीची, कौतुकानं ठेवलेली, पण त्यातून काम कळत नाही.

याच्या उलटही एक टोक आहे. ग्नोमवाल्यांनी फाइली बघायच्या प्रोग्रामचं नाव नॉटिलस होतं ते पाटीवर नुसतं 'फाइल्स' केलं, ब्राउझरला नुसतं 'वेब'. नवख्याला बरं. पण काही अडलं म्हणून लिहून विचारायचं झालं तर 'माझं फाइल्स बंद पडतंय' यावरून कुणाला काय कळणार? माझं मत विचाराल तर दोन्ही हवं, काम आधी आणि नाव कंसात, मी सरांना लावून दिलं तसं. केडीईच्या मेनूत हे एका सेटिंगनं होतं: नुसतं नाव, नुसतं वर्णन, किंवा दोन्ही, हवं ते निवडा.

'एक्झेक' म्हणजे दार: क्लिक केल्यावर नेमकं काय चालवायचं. 'ट्रायएक्झेक' जास्त कामाचं असून दुर्लक्षित. पाटी दाखवण्याआधी त्या नावाचा प्रोग्राम खरंच मशीनवर आहे का बघ, नसेल तर दाखवू नको, असं ते सांगतं. ही ओळ नसली की प्रोग्राम काढून टाकल्यावरही मागं पाटी राहू शकते. क्लिक करावं तर काहीच होत नाही. खडेबाजारात बंद पडलेल्या दुकानांच्या पाट्या वर्षानुवर्षं लोंबत असतात, तसं.

'आयकॉन' मध्ये बहुतेक वेळा चित्राची फाइल नसून फक्त चित्राचं नाव असतं. मेनू ते नाव घेऊन तुमच्या थीममध्ये शोधतो, तिथं नसेल तर सगळ्यांच्या सामाईक साठ्यात. तिथंही नसेल तर करड्या रंगाचा कागद किंवा दातेरी चाक दिसतं. प्रोग्राम धड आणि चित्र तेवढं गायब, हे बघायला मिळतं ते त्यामुळं.

गट, आणि कुठल्याच गटात न बसणारे

'कॅटेगरीज'वरून गट ठरतो. त्यात मनाला येईल ते लिहून चालत नाही, मुख्य गटांची यादी ठरलेली आहे: ऑफिस, ग्राफिक्स, नेटवर्क, एज्युकेशन, सायन्स, गेम, ध्वनी-चित्र, डेव्हलपमेंट, सेटिंग्ज, सिस्टिम, युटिलिटी. मुख्य गट दोन लिहिले तर प्रोग्राम दोन ठिकाणी दिसू शकतो, असं नियमातच म्हटलंय. पण सगळं एका खणात बसतं थोडंच? लिबरऑफिस ड्रॉ घ्या. आहे ऑफिसच्या कुटुंबातलं, काम चित्रं काढायचं. त्याच्या पाटीवर दोन्ही गट आहेत. आपला कुंदा मिठाईत धरायचा की मुंबईच्या पाहुण्याबरोबर द्यायच्या वस्तूंत, तसं हे. दोन ठिकाणी दिसलं म्हणून माझी तक्रार नाही. शोधणारा कुठून येईल हे मालकाला ठरवता येत नाही.

जास्त वाईट ते गट न लिहिणं. त्यांची रवानगी सगळ्यात खाली 'अदर' नावाच्या अडगळीत होते. केडीईत या गटाचं नाव 'लॉस्ट अँड फाउंड' होतं. स्टँडवर हरवलेल्या पिशव्यांची खोली असते ना, अगदी तशी.

काहींनी हळूहळू गटच काढून टाकले. एप्रिल २०११ ला ग्नोम ३ आलं तेव्हा जुना खाली उघडणारा मेनू जाऊन पडदाभर चित्रांची जाळी आली. आधी ती अक्षरानुसार असायची. २०२० पासून तुम्ही चित्रं हवी तशी हलवू शकता, त्यामुळं अक्षरांचा क्रम राहिला नाही आणि नवीन टाकलेलं बहुधा शेवटच्या पानावर जाऊन बसतं. ज्यांची बोटं कीबोर्डवर सराईत आहेत त्यांना याचं काही नाही, दोन अक्षरं मारली की प्रोग्राम समोर. सरांसारख्याला मात्र ही जाळी म्हणजे शनिवारचा बाजार. म्हणूनच मी जुन्या मशीनवर मिंट टाकतो. त्यात गट शिल्लक आहेत.

एका घरात तीन भाषा

आता आमच्या भागाचा खास मुद्दा. आमच्याकडं पाटी म्हटली की पहिला प्रश्न नाव काय हा नसतो, कुठली भाषा किती मोठी हा असतो. कर्नाटकात २०२४ च्या कायदा दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. मी पाटीचा आराखडा करताना पट्टी घेऊन मोजतो, मग उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी कसंबसं बसवतो. पत्रा एक, भाषा तीन, म्हणून मारामारी.

मेनूच्या पाटीत ती नाही, आणि मला ही पद्धत सगळ्यात जास्त आवडली ती इथं. वर 'नेम'च्या खाली 'नेम[एमआर]' अशी ओळ बघितलीत ना? एमआर म्हणजे मराठी. तशीच 'नेम[केएन]' कन्नडसाठी लिहायची. लागतील तितक्या भाषा, एकीनं दुसरीची जागा खायची नाही. सरांच्या घरी एकाच कॉम्प्युटरवर तीन लॉगइन आहेत. सरांचं मराठीत, मुलाचं इंग्रजीत आणि नात कन्नड माध्यमात असल्यामुळं तिचं कन्नडमध्ये. पाटी एकच. सरांना तीच पाटी मराठीत दिसते, नातीला कन्नडमध्ये, आणि कुणाला कुणाची अडचण होत नाही.

मेनू वाचतो ते असं: आधी 'भारतातली मराठी' असं नेमकं लिहिलेली ओळ आहे का बघतो, नसेल तर नुसती मराठीची, तीही नसेल तर साधी 'नेम' ओळ, जी बहुतेक इंग्रजीत असते. लिनक्समध्ये भाषांचा क्रमही लावता येतो. मराठी नसेल तर कन्नड दाखव, कन्नडही नसेल तर इंग्रजी, असं. कन्नड वाचता येणाऱ्या आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे सोयीचं आहे. नातीच्या लॉगइनला मी हा क्रम उलटा लावला, आधी कन्नड, मग मराठी.

अडचण येते ती अर्धवट भाषांतराची. चाळीसातल्या पंचवीस पाट्या मराठी, पंधरा इंग्रजीच राहिल्या, की यादीचे दोन गठ्ठे होतात. देवनागरीतली नावं एका टोकाला, रोमनमधली दुसऱ्या टोकाला. माणूस एका गठ्ठ्यात शोधतो आणि नाही म्हणून उठतो. शिवाय देवनागरीचा क्रमही आपण शाळेत शिकलो तसा लागेलच असं नाही. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर, आणि क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. कॉम्प्युटरच्या युनिकोड तक्त्यात मात्र ळ हा ल च्या लगेच पुढं बसवलाय आणि क्ष म्हणजे क ला जोडलेला ष. मराठीचे क्रमाचे नियम वेगळे न लावता नुसत्या तक्त्यावरून क्रम लावला, तर क्ष क च्या घरात सापडेल.

भाषांतर कसं करावं हाही वादाचा विषय आहे. 'कॅल्क्युलेटर'ला 'गणकयंत्र' म्हटलं तर ते शुद्ध आहे, पण शहापुरातला एकही दुकानदार गणकयंत्र म्हणून काही शोधणार नाही. तो 'कॅल्सी' म्हणतो. पाटीवर काय लिहायचं हे वाचणाऱ्याच्या तोंडातल्या शब्दावरून ठरावं, असं माझं मत. शुद्ध शब्दाला जागा नाही असं नाही, त्यासाठी 'कीवर्ड्स'ची ओळ आहे.

ही ओळ कुणाला दिसत नाही, फक्त शोधताना कामाला येते. तुम्ही शोधायच्या चौकटीत जे लिहाल ते नावाशी जुळवलं जातं, तसंच या शब्दांशीही. १ नोव्हेंबर २०१४ ला आमच्या शहराचं इंग्रजीतलं सरकारी नाव बदलून बेळगावी झालं. पण पुण्याहून गाडीत बसणारा माणूस बुकिंगच्या चौकटीत अजून जुनंच नाव मारतो, आणि तिकीट मिळायला हवं तर दोन्ही नावं कळायला पाहिजेत. कीवर्ड्सची ओळ त्यासाठी. नॉटिलसला फाइल्स म्हणा की काही म्हणा, जुनं नाव इथं राहू द्या.

टाइप करून शोधणाऱ्यांसाठी आमच्याकडची एक नेहमीची फजिती. लिबरऑफिसचं हिशेबाचं कॅल्क उघडायचंय म्हणून तुम्ही न बघता सी-ए-एल-सी मारता, आणि कळफलक मराठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या मांडणीवर, राहिलेला असतो. चौकटीत उमटतं 'मोतम'. कन्नड इनस्क्रिप्टवर राहिला असेल तरी 'मोतम'च, फक्त कन्नड लिपीत, कारण भारतीय भाषांच्या इनस्क्रिप्टची मांडणी एकच आहे. अर्थात काहीही सापडत नाही, आणि लोक समजतात सॉफ्टवेअर उडालं. फोन आला की मी आधी विचारतो, चौकटीत काय दिसतंय वाचून दाखवा. 'मोतम' म्हणाले की कुठली बटणं दाबायची ते फोनवरच सांगतो.

न दिसणारे, दोनदा दिसणारे

कधी कधी पाटी असूनही मुद्दाम लपवलेली असते. 'नोडिस्प्ले' अशी ओळ असली की मेनूत दाखवू नको, पण फाइलीवर राइट क्लिक करून 'ओपन विथ' केल्यावर तिथं चालेल, असा अर्थ. 'ओन्लीशोइन' असली की अमुक डेस्कटॉपमध्येच दिसावं. ही ओळ नसती तर एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप टाकणाऱ्याच्या मेनूत दोन दोन सेटिंग्ज उभ्या राहिल्या असत्या. तशा कधी कधी राहतातच, कारण कुणीतरी ओळ लिहायला विसरलेलं असतं.

फ्लॅटपॅक नावाच्या नव्या पद्धतीनं टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या पाट्या वेगळ्या फोल्डरात असतात. मशीनवर पहिल्यांदाच फ्लॅटपॅक येत असेल तर मेनूला त्या फोल्डरचा पत्ता लॉगइन करतानाच कळतो. म्हणून टाकल्या टाकल्या दिसलं नाही तर परत परत टाकत बसू नका, एकदा लॉगआउट करून आत या. तेच सॉफ्टवेअर आधी साध्या पद्धतीनंही टाकलेलं असेल, तर एकाच नावाचे दोन आयकॉन दिसतील आणि कुठलं कुठलं ते कळणार नाही. आणि ॲपइमेज म्हणून जी एकच फाइल उतरवून घ्यायची असते, तिची तर पाटी कुणीच लावत नाही. ती डाउनलोड्समध्येच पडून राहते, तिची पाटी आपली आपण करायची.

सरांचा उतारा

आपली आपण पाटी करणं वाटतं तितकं अवघड नाही. मिंटमध्ये मेनूच्या बटणावर राइट क्लिक केलं की सेटिंगमध्ये मेनू एडिटर सापडतो. त्यात नाव बदला, गट बदला, लपवा. तो आतून करतो इतकंच, की मूळ पाटीला हात न लावता तिची नक्कल तुमच्या घरच्या फोल्डरात ठेवतो. मेनू घरची पाटी आधी मानतो, नाव तेच असेल तर सरकारी पाटीकडं बघत नाही. म्हणून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तरी तुमचं नाव टिकतं, आणि सरांनी बदललेलं नाव नातीच्या लॉगइनमध्ये जात नाही. फक्त एक लक्षात ठेवा: पुढं कधी मूळ पाटीत प्रोग्रामचा पत्ता बदलला तर तुमची नक्कल जुनाच पत्ता सांगत राहील. मग ती पुसून टाकायची, मूळ आपोआप वर येते.

सरांचा गिंप 'फोटो दुरुस्ती' झाला तेव्हा ते खूश झाले आणि म्हणाले, "मग उताऱ्याचंही करून द्या की." सरांची थोडी शेती आहे. कर्नाटकात 'भूमी' प्रकल्पामुळं जमिनीचे उतारे ऑनलाइन बघता येतात, पण ती साइट दरवेळी ब्राउझरमध्ये शोधून काढायची आणि नाव विसरायचं, अशी त्यांची तऱ्हा. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पानाचा शॉर्टकट करायची सोय असते, तो केला की ब्राउझर स्वतःच घरच्या फोल्डरात एक पाटी ठेवतो. मी ती उघडली. नाव साइटच्या मथळ्यावरून आलेलं, लांबलचक आणि सरांना काहीच न सांगणारं. ते पुसून मराठीच्या ओळीत लिहिलं 'उतारा', कन्नडच्या ओळीत 'पहाणी'. गट ऑफिस.

मग कीवर्ड्स. सर म्हणतात उतारा. तलाठ्याच्या कचेरीत म्हणतात पहाणी. बँकेतला साहेब आरटीसी आणा म्हणतो. सरांची सून महाराष्ट्रातल्या चंदगडची, ती अजून सातबाराच म्हणते. चारही शब्द अर्धविराम देऊन एका ओळीत लिहिले, फाइल साठवली. मेनू बंद करून उघडला तर उतारा आला होता, मशीन बंद-चालू करायचीही गरज पडली नाही. सूनबाईंनी उभ्या उभ्या शोधायच्या चौकटीत 'सातबारा' मारून बघितलं. आलं.

सरांनी मग पूर्ण मेनू वरून खाली एकदा नीट वाचला, चष्मा वर करून, आणि विचारलं, "सगळं आहे. प्रिंटर कुठाय?"

प्रिंटर हा प्रोग्राम नाही, त्याची पाटी सेटिंग्जच्या आत असते. पण मी ते समजावत बसलो नाही. 'प्रिंटर' नावाची आणखी एक पाटी करून ऑफिसमध्ये ठेवून दिली.